कटकट टचची, ऐट डब्ब्याची

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या इतिहासात १९७३ हे साल महत्त्वाचं. नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचं मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून केळणा नदीकाठचं जुनं भोकरदन, म्हणजे भोगवर्धन, उकरलं, ते त्या साली. इथे मिळालेली हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती पाहून अभ्यासकांना थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची आठवण झाली. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागाची रेंज रोमपर्यंत होती म्हणायची! आज शेतातून घरी फोन लावायचा तर बांधावर चढावं लागतं, ते सोडा.

त्याच १९७३ च्या ३ एप्रिलला मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून जगातला पहिला कॉल लावला. कोणाला? प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या जोएल एंगल यांना. म्हणजे मोबाइलचा पहिला उपयोग समोरच्याला जळवायला झाला. पुढे स्टेटस ठेवणाऱ्यांनी ही परंपरा इमानेइतबारे चालवली. त्या फोनचं वजन किलोच्या वर, बोलणं जेमतेम अर्धा तास आणि चार्जिंगला दहा तास.

चार्जिंग पुरत नाही ही तक्रार अशी मोबाइलच्या जन्मापासूनची. मधली काही वर्षं मात्र ती गायब होती. ती वर्षं बटणाच्या फोनची, म्हणजे आपल्या डब्ब्याची. नवा टच मोबाइल घेऊन वैतागलेला माणूस आज त्या डब्ब्याचं नाव हमखास काढतो. का काढतो, त्याचा हा धावता हिशेब.

बॅटरी सहापट, दम एका दिवसाचा

नोकिया ११०० आला २००३ मध्ये. जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला. आजवर सर्वाधिक खपलेल्या फोनमध्ये त्याचं नाव घेतात. त्यात बीएल-५सी नावाची चपटी बॅटरी असायची, ८५० एमएएचची. आज दुकानात दाखवतात तो फोन ५००० एमएएचचा. जवळजवळ सहापट. तरी ११०० सोमवारी चार्ज केला की गुरुवारच्या बाजारापर्यंत ढकलायचा आणि नवा संध्याकाळी लाल होतो.

चोर शोधायला लांब जायला नको, तो समोरच असतो. ११०० चा पडदा ९६ गुणिले ६५ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून ६,२४० ठिपके, तेही काळे. आजच्या साध्या फोनचा पडदा १०८० गुणिले २४००, म्हणजे २५ लाख ९२ हजार ठिपके. चारशे पटींहून जास्त. ते रंगीत असतात, उजळलेले असतात आणि सेकंदाला ६० ते १२० वेळा नव्याने रंगवले जातात. वर मागच्या बाजूला दहा ॲप गुपचूप इंटरनेटशी कुजबुजत बसलेली. डब्बा मात्र टॉवरला अधूनमधून हजेरी देऊन झोपी जायचा.

जुन्याचे गोडवे गाताना एक आठवण राहू द्या. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने याच बीएल-५सी प्रकारातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापू शकतात म्हणून बदलून द्यायची तयारी दाखवली होती. तेव्हा गावोगाव लोकांनी फोनचं झाकण काढून बॅटरीवरचे आकडे वाचले. झाकण काढता येत होतं, हाच मोठा फरक. आज फोन फुगला तरी तो उघडायला दुकानदार लागतो. युरोपात २०२७ पासून फोनची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी असा कायदा लागू होतोय. आपल्याकडे हे काम नखाने व्हायचं.

आणि जगातला पहिला स्मार्टफोन? आयबीएमचा सायमन, १९९४ चा. त्याला टच स्क्रीन होती, ईमेल होता. बॅटरी तासभर टिकायची.

अंगठा उठत नाही

रेशन दुकानातलं हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आता ते घरातही ऐकू येतं, कारण टच स्क्रीनलाही काम केलेला हात ओळखू येत नाही.

त्यामागचं विज्ञान असं. काचेखाली वीज वाहणारा पारदर्शक थर असतो. त्यावर अगदी हलकं विद्युतक्षेत्र तयार केलेलं असतं. आपलं बोट ओलसर, वीज वाहणारं. ते काचेजवळ आलं की क्षेत्र बिघडतं आणि कुठे बिघडलं यावरून फोन ठरवतो की इथे दाबलं. म्हणजे दाबण्याच्या जोराशी याचा काही संबंध नाही. आबा जेवढा जोर लावतात तेवढा वाया जातो. खुरपं, नांगर, टिकाव धरून बोटांच्या टोकाला घट्टे पडले, कातडी जाड आणि कोरडी झाली, की ते बोट काचेला बोटच वाटत नाही. उलट पावसाचा थेंब पडला तर त्यालाच ती बोट समजते आणि भलत्याच माणसाला कॉल लावून देते.

आता हे भोकरदन तालुक्यात आणून बघा. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार नावाजलेला. तोडणीच्या दिवसांत बायांची बोटं हिरव्या मिरचीने चुरचुरत असतात. त्याच बोटाने स्क्रीन पुसायची, त्याच स्क्रीनला गाल लावून बोलायचं. मग गालाची जी आग होते, तिला कुठल्याही कंपनीची वॉरंटी नाही. बोट लागत नाही म्हणून काही जणी करंगळीने किंवा मधल्या बोटाच्या पेराने फोन चालवतात. खरोखर चालतो, तिथली कातडी मऊ राहिलेली असते.

डब्ब्याच्या बटणाला यातलं काही कळत नव्हतं. नख लावा, काडी लावा, हातमोजा घाला. दाबलं की 'टिक' व्हायचं. ११०० चा कीपॅड तर धूळ आत जाऊ नये म्हणून अखंड रबराचा होता. डोक्यावर टॉर्च, तोही एका बटणावर. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला आणखी काय हवं?

हिरवं कुठंय?

पूर्वी हिरवं बटण म्हणजे उचल, लाल म्हणजे ठेव. न शिकलेल्या माणसालाही दोन सेकंदांत कळायचं. आता कॉल आला की पुढचा संवाद होतो:

"आजी, वर सरकव!"

"काय सरकवू?"

"ते हिरवं गोल!"

"सरकिवलं त फोनच कटला की रं!"

चूक आजीची नाही. एका कंपनीच्या फोनवर वर सरकवायचं, दुसऱ्यावर उजवीकडे, तिसऱ्यावर नुसतं टेकवायचं. नवीन अपडेट आलं की तेही बदलतं. आदल्या रात्री शिकवलेलं सकाळी जुनं झालेलं असतं.

त्यातून कानाजवळचा सेन्सर. गाल लागून भलतंच काही दाबलं जाऊ नये म्हणून फोन कानाशी नेला की पडदा काळा होतो. सोय चांगली आहे. पण भोकरदनला बसस्थानकाजवळ पन्नास-शंभरात बसवलेला स्क्रीन गार्ड वेडावाकडा बसला किंवा तिथे धूळ चिकटली, की फोनला वाटतं गाल अजून तिथेच आहे. पडदा काळाच राहतो. बोलणं संपतं, कॉल कटत नाही, आणि पलीकडच्या व्याह्यांना आपल्या घरातलं त्यांच्याविषयीचं खरं मत ऐकायला मिळतं. उपाय सोपा: फोनचा वरचा काठ कोरड्या कापडाने पुसा. व्याह्यांचं तुम्ही बघा.

सत्तर खणांचा मराठी मेसेज

१६० अक्षरांचा एसएमएस ठरला तो जर्मनीत. फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ मध्ये टाइपरायटरवर निरनिराळी वाक्यं लिहून मोजली आणि १६० अक्षरांत माणसाचं म्हणणं मावतं असा निकाल दिला. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडमध्ये, नाताळच्या शुभेच्छांचा.

मराठीत मात्र १६० नव्हे, फक्त ७० मिळायचे. एका मेसेजला जागा १४० बाइटची. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, देवनागरीला १६. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पायमोडका, सगळे वेगळे मोजायचे. 'राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला जाऊ' एवढं लिहिलं की ३२ खण गेले. किती वाजता, कोणत्या गाडीने आणि डबा कोण आणणार हे ठरवेपर्यंत दुसऱ्या मेसेजचे पैसे पडले. मराठी पोरं एका रात्रीत रोमन लिपीत लिहायला लागली, त्यामागे हा हिशेबही होता.

त्या काळात मेसेज आला की नोकिया 'टिटिटि टाऽ टाऽ टिटिटि' वाजायचा. ते मोर्स कोडमध्ये 'एसएमएस' असं लिहिलेलं होतं. आणि ती जगप्रसिद्ध नोकिया धून फिनलंडची नाहीच. ती स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगा या गिटारवादकाच्या १९०२ च्या रचनेतली आहे. लग्नाच्या मंडपात ती वाजली की वीस जण आपापले खिसे चाचपायचे.

एक रिंग म्हणजे पोचलो

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावला. तेव्हा मिनिटाला आठ रुपयांच्या वर दर होता आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे. इनकमिंग सर्वत्र फुकट झालं २००३ मध्ये. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात देऊन धुमाकूळ घातला.

महागाईने आपल्याला एक विद्या शिकवली: मिस कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला ये, तीन म्हणजे खरंच उचल. ज्यांना आई-वडिलांसमोर बोलता येत नसे त्यांच्यासाठी वेगळी लिपी होती, ती इथे सांगण्यात अर्थ नाही.

या साध्या फोनचं मराठी मातीतलं सगळ्यात हुशार काम केलं पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी. कृषिपंपाला वीज मिळते ती अनेकदा रात्री. शेतकरी अंधारात विंचू-काट्यातून मोटार चालू करायला जायचा आणि तिथे गेल्यावर कळायचं, लाइटच नाही. ओस्तवालांनी 'नॅनो गणेश' बनवलं. स्टार्टरला एक पेटी जोडायची, त्यात सिम. घरून त्या नंबरवर फोन लावायचा, लाइट आहे का ते कळतं. बटण दाबायचं, मोटार चालू. ॲप नाही, पासवर्ड विसरणं नाही. बटणाच्या फोनवर चालणाऱ्या या युक्तीला २००९ मध्ये खुद्द नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं. स्मार्ट फोन लागतोच असं नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मग घेतला कशाला?

खरी गंमत इथे आहे. गावाकडे अनेकांनी टच मोबाइल हौसेने घेतलेला नाही. तो कामाला लागला म्हणून घेतला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. तलाठी करायचे ती पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः करायची: शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, ॲपवर चढवायचा. कल्पना वाईट नाही, नोंद आपल्या हातात आली. पण ॲप जागा तपासतं. गटाच्या बाहेर उभे असाल तर लगेच सांगतं की तुम्ही शेतापासून लांब आहात. गटात उभे राहिलात तर रेंज नाही. रेंज मिळाली तर ओटीपी येत नाही. ओटीपी आला तर तो येतो घरी ठेवलेल्या डब्ब्यावर, कारण नोंदणीला तोच नंबर दिलेला. मग बांधावरून हाक: "आकडे वाच गं!" सुदैवाने एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. त्यामुळे हंगामात गल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला तलाठ्याचा भाव येतो.

पाठोपाठ २०२४ ची लाडकी बहीण योजना आणि २०२५ ची तिची ई-केवायसी. आधारला जोडलेला नंबर कोणता, हा प्रश्न किती घरांत भांडणापर्यंत गेला असेल! दहा वर्षांपूर्वी दिलेलं सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं, आणि सरकारदरबारी अजून तेच चालू.

या कटकटीचा सगळा राग अशा वेळी फोनवर निघतो. माझ्या मते तो अर्धा तरी अन्याय आहे. डब्बा आपल्याला काही विचारत नव्हता. हा सतत विचारतो: परवानगी द्या, अटी मान्य करा, अपडेट करा, ठिकाण सांगा, पुन्हा लॉगइन करा. प्रश्न विचारणारी मंडळी फोनच्या पलीकडे बसलेली असतात, शिव्या मात्र काच खाते.

गुड मॉर्निंगचा उकिरडा

२०१८ च्या सुरुवातीला एक बातमी जगभर गाजली. भारतातले फोन सारखे का तुंबतात याचा शोध गूगलवाल्यांनी घेतला, तर सापडली गुड मॉर्निंगची चित्रं. फुलं, सूर्य, चहाचा कप, वर सुविचार. वेस्टर्न डिजिटल या साठवणुकीचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा हिशेब तेव्हा असा होता की भारतात तिघांतल्या एकाच्या फोनची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांतल्या एकाची.

जागेचीही एक मेख आहे. १२८ जीबीचा फोन घरी आणून बघितला तर आकडा कमी दिसतो. बनवणारा १०० कोटी बाइटचा एक जीबी धरतो, संगणकी मोजणीत तो १०७ कोटींच्या वर जातो. या मापात १२८ चे ११९ होतात. त्यात फोनची स्वतःची प्रणाली आणि काढून टाकता न येणारी डझनभर ॲप आधीच पथारी पसरून बसलेली. सोयाबीनच्या मापात असं झालं असतं तर मोंढ्यात गोंधळ उडाला असता.

फुटकळ, पण चटकदार

सुरुवातीचं सिम कार्ड एटीएम कार्डाएवढं होतं. आता नखाएवढं झालंय, आणि ते काढायची पिन नेमकी हवी तेव्हा सापडत नाही. साडीची पिन चालते, पण बाजूच्या माइकच्या भोकात खुपसू नका.

'बारीक पिनचं चार्जर आहे का?' हा एके काळचा राष्ट्रीय प्रश्न होता. नोकियाची आधी जाड पिन होती, मग बारीक झाली. लग्नाला आलेले पाहुणे यावरून दोन गटांत विभागले जायचे.

२८ दिवसांचं रिचार्ज वर्षाला तेरा वेळा मारावं लागतं. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. बारा महिन्यांच्या वर्षात तेरावा महिना असा घुसला.

डब्ब्यावर रेडिओ लागायचा, कारण इअरफोनची वायर अँटेनाचं काम करते. अनेक नव्या फोनमधून इअरफोनचं भोकच गेलं आणि त्याच्याबरोबर आकाशवाणीही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं की फोनमधला एफएम बंद ठेवू नका, संकटात तोच कामाला येतो.

साप पहिल्यांदा वळवळला १९९७ मध्ये, नोकिया ६११० वर. स्वतःच्या शेपटीला धडकून मरणारा तो खेळ फुकट होता आणि मध्ये जाहिरात दाखवत नव्हता.

नेट नको, तरी नेटचे पैसे

बटणाचा फोन वापरणाऱ्याची जुनी तक्रार: मला फक्त बोलायचंय, रोजचा दीड जीबी घेऊन मी काय करू? ही तक्रार ट्राय या दूरसंचार नियामकाने ऐकली. डिसेंबर २०२४ मध्ये नियम आला की फक्त कॉल आणि एसएमएसचं रिचार्जही कंपन्यांनी ठेवलंच पाहिजे. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानात गेल्यावर आपण होऊन कोणी सांगेलच असं नाही. विचारा, आणि नाव घेऊन विचारा: 'बिना नेटचं, नुसत्या कॉलचं.'

पैसे पाठवायलाही टच लागतोच असं नाही. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ ला 'यूपीआय १२३ पे' सुरू केलं, ते खास साध्या फोनसाठी. इंटरनेटशिवाय, फोन लावून बटणं दाबत व्यवहार होतो. पाच हजारांची मर्यादा २०२४ मध्ये दहा हजार करायचं ठरलं. आणि डब्बा मेला म्हणता म्हणता नोकिया ३२१० हा १९९९ चा फोन २०२४ मध्ये भारतात पुन्हा विकायला आला. किंमत ३,९९९ रुपये, बटणं तशीच, साप तसाच, आत यूपीआय.

सातला भोंगा

फोनला आवरायचं कसं, यावर मराठी गावांनी आपापले उपाय काढलेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास घरातले टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठराच्या आतल्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. भोंगा मला जास्त पटतो. बंदी मोडायची वाट पोरं शोधतात, भोंगा मात्र मोठ्यांनाही ऐकू येतो.

तर मग ठेवायचा कोणता? भोकरदनकडची शहाणी माणसं दोन्ही ठेवतात. जुना नंबर डब्ब्यात, डब्बा बनियनच्या खिशात. टच घरी, फोटो, ॲप आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉलसाठी. माझा कौल यालाच. मोडीत दिला तर त्या डब्ब्याचे शंभर रुपयेही येत नाहीत, आणि बँक, आधार, गॅस, सगळ्यांचे ओटीपी त्याच्याच पोटात येतात.

आज एवढं करा. दोन्ही फोनवर *#०६# दाबा. हे डब्ब्यावरही चालतं आणि टचवरही. १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. ते पेनाने कागदावर लिहून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. फोन हरवला तर आधी पोलिसांत तक्रार द्या, मग केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हाच नंबर टाकून तो फोन देशभर बंद पाडता येतो. खात्यातून फसवणुकीने पैसे गेले तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. तो डब्ब्यावरूनही लागतो.